निळ्या लोकरीचा गुंडा

ताईच्या टोपलीत चार विणकामं अर्धवट लोळत होती. नवऱ्याचा स्वेटर तर एका बाहीवर अडला होता. सगळ्यांना ताटकळत ठेवून तिने गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचा निळा स्वेटर तेवढा हातावेगळा केला होता.

आज बहीण निळ्या लोकरीचा गुंडा घेऊन आली. "नवी लोकर आहे, ताई. माझ्या जावईबापूंना मफलर विणून दे."

ताईने धागा ओढला. उसवलेल्या लोकरीसारखा तो कुरळा होता, आणि मध्येच तिच्याच हातची दुहेरी गाठ होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझा स्वेटर कुठाय?"

"कपाटात आहे की. जिवापाड जपलाय."

ताईने गुंडा टोपलीत टाकला आणि नवऱ्याची बाही विणायला घेतली.

"मफलर कधी देशील?"

"तो स्वेटर घालून ये," ताई म्हणाली, "त्याच दिवशी देते."