धुराडं आणि तीन साहेब

वेढा पडला तेव्हा तिन्ही दळं गावातच अडकली आणि शत्रूला वाटलं, आपण त्यांना कोंडलं. खरं तर तो त्यांना एकमेकांबरोबर कोंडून बसला होता. एवढी कठोर शिक्षा द्यायची त्या बिचाऱ्याच्याही मनात नसावी.

नौदलाची एकुलती एक युद्धनौका बंदराच्या चिखलात कुशीवर लवंडली होती. वायुदलाच्या विमानाला पंख होते, चाकं नव्हती. पायदळाकडे एक तोफ होती. तिने ज्यावर नेम धरला ते सोडून बाकी सगळ्याला आजवर गोळे लागले होते. पण रुबाब विचाराल तर कुणाचा तसूभर कमी झालेला नाही. शाळेच्या इमारतीत संयुक्त मुख्यालय थाटलं, तर भिंती फोडून तीन दारं पाडली, कारण दुसऱ्याच्या दारातून आत जायचं म्हणजे नाक कापलं जाणार. घड्याळंही तीन. पायदळाचं पुढे, शिपायाला उशीर होऊ नये म्हणून. नौदलाचं डोलकाठीच्या सावलीवर लावलेलं, आणि काठी कलंडल्यापासून तेही रेंगाळत चाललेलं. वायुदलाचं दूरच्या कुठल्याशा मुख्यालयाबरोबर चालायचं, म्हणजे सगळ्यांत मागे. आपलं घड्याळ चुकीचं आहे हे कुणी कबूल करायचं? त्यापेक्षा वेढा बरा.

या सगळ्यांना पोसत होती भट्टीवाली मावशी. गावात पाव भाजणारी भट्टी उरली होती ती तिचीच, आणि भट्टीवरचं विटांचं धुराडं गावात सगळ्यांत उंच.

एका सकाळी मावशी परातीत पीठ मळत होती, तेवढ्यात जावई दारात येऊन उभा राहिला. जावई मुख्यालयात हुकूम टंकायचा आणि वाईट हुकूम असला की सासूच्या दारात येऊन चुळबुळायचा.

"आई, वाईट बातमी आहे."

"ती तुम्हाला बघूनच कळली, जावईबापू. पुढचं बोला."

"उद्या भर दुपारी बारा वाजता आपलं धुराडं पाडणार. पायदळाच्या जमिनीसाहेबांचा हुकूम. शत्रू त्यावरूनच नेम धरतो म्हणे."

"धरतो ना? मग आजवर एक वीट तरी हलली का? अहो, असा नेम असलेला शत्रू नशिबाने मिळतो. त्याला कशाला दुखवायचं?" मावशीने पिठाचा गोळा परातीत आपटला. "धुराडं नाही तर भट्टी नाही, भट्टी नाही तर पाव नाही. मग तुमचे साहेब काय हुकूम भिजवून खाणार?"

साहेबांनी हुकूम खाल्लाच असता तर टंकायचं काम वाढलं असतं, याचीच जावयाला काळजी.

मावशीने हात धुतले, पदर खोचला आणि थेट बंदर गाठलं. पाणीसाहेब आपल्या तिरक्या खोलीत तिरके बसून तिरक्या कपातून चहा पीत होते. नौका कलंडली आहे हे त्यांनी अजून मान्य केलं नव्हतं. त्यांच्या मते गाव कललं होतं.

"साहेब, जाता जाता सांगून जावं म्हटलं. उद्या जमिनीसाहेब माझं धुराडं उडवणार. मी म्हटलं, मोठी तोफ तर आपल्या पाणीसाहेबांची. तर म्हणाले, चिखलातल्या म्हशीला कोण विचारतो?"

"म्हैस?" पाणीसाहेबांचा कप घरंगळत कोपऱ्यात गेला.

तिथून मावशी टेकडीवर. हवासाहेब बिनचाकी विमानाला फडक्याने पुसत होते. "साहेब, धुराड्याचं वरचं टोक हवेत असतं ना? मग ते पाडायचं कुणी? खालच्यांनी?" एवढं विचारून ती उत्तराला थांबलीसुद्धा नाही.

तीन तिघाडा, काम बिघाडा. हे भांडत बसतील आणि आपली भट्टी धगधगत राहील, असा तिचा हिशेब. पण संध्याकाळी जावई पुन्हा दारात.

"आई, एकमत झालं."

"कुणाचं?"

"तिघांचं. वेढा पडल्यापासून पहिल्यांदा. तिघंही एकदमच पाडणार, बरोबर बारा वाजता."

मावशीचा डाव तिच्याच अंगावर आला होता. आधी एकच तोफ होती, आता तीन संकटं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव लांब जाऊन उभं राहिलं. मावशी मात्र भट्टीपासून हलायला तयार नाही. "पाव अर्धा भाजलाय, कच्चा टाकून कुठे जाऊ?"

पायदळाचे बारा वाजले. धडाड! गोळा धुराड्याच्या कानाला वारा घालत तटापलीकडे गेला आणि शत्रूच्या जेवणाच्या पातेल्यात पडला. तिकडे आरडाओरडा. शत्रू पातेली सावरतोय तोच नौदलाचे बारा वाजले. कलंडलेल्या तोफेचा गोळा इतका उंच गेला की म्हणे वाटेत एक घार त्यावर क्षणभर टेकली, आणि तो उतरला शत्रूच्या दारूगोळ्यावर. आभाळ हललं. शत्रू जिवाच्या आकांताने पळत सुटतोय तर वायुदलाचे बारा वाजले. हवासाहेबांनी विमान टेकडीवरून पोटावर ढकललं. ते घसरत, ठिणग्या उडवत, तटावरून उसळून थेट पळणाऱ्यांच्या डोक्यांवरून गेलं आणि पलीकडच्या गवताच्या गंजीत जाऊन रुतलं.

शत्रूचा सेनापती थक्क झाला. आधी जमीन, मग पाणी, मग आकाश, आणि मधलं अंतर असं मापून घेतलेलं! असा मेळ असलेल्या सैन्यापुढे टिकायचं कसं? तिन्हीसांजेच्या आत वेढा उठला.

धुराड्याची एक वीटही पडली नाही. मावशीचा पाव मात्र करपला.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जिंकलेलं सैन्य हरलेल्यापेक्षा जास्त त्रास देतं. आठवडा उलटला नाही तोच तिघं साहेब छातीवर नवी पदकं लावून भट्टीपाशी हजर. मागून गाडीवर संगमरवराची लांबरुंद पाटी आणि तिच्याबरोबर पाथरवट.

"मावशी, या धुराड्याभोवती आमची संयुक्त कारवाई झाली," जमिनीसाहेब म्हणाले. "आता हे विजयस्मारक. तोंड बुजवायचं, पाटी लावायची. आणि आजपासून भट्टी बंद. काजळीने पाटी काळी पडेल."

"शत्रूने सोडलं, तुमच्या तोफांनी सोडलं," मावशी म्हणाली, "आणि आता मान देऊन गळा दाबताय होय?"

"गावाचा गौरव आहे!" पाणीसाहेब आणि हवासाहेब एका सुरात म्हणाले.

मावशीने एकदा धुराड्याकडे पाहिलं, एकदा पाटीकडे. मग पदराला हात पुसत गरीब चेहऱ्याने विचारलं, "लावा की. मी अडाणी काय बोलणार? फक्त या पाथरवटाला सांगा, सगळ्यांत वर नाव कुणाचं कोरायचं?"

पाथरवटाने छिन्नी टेकवली आणि वर पाहिलं. तिघंही एकदम बोलले, मग तिघंही एकदम थांबले. मग तिघांचे आवाज चढले. मावशी आत गेली आणि तिने भट्टीत लाकडं सारली.

ते भांडण पुढे मुख्यालयात गेलं, तिथून वरच्या मुख्यालयात, आणि तिथून त्याहून वर. पाटी कोरीच राहिली, भट्टीच्या दाराशी आडवी पडून. संगमरवर गार असतो, त्याला पीठ चिकटत नाही. मावशीने चार विटांवर तिचा ओटा केला आणि रोज त्यावरच पीठ मळायला लागली.

"आई, ते अजून भांडतायत," जावई एकदा येऊन म्हणाला.

"भांडू द्या हो. जरा ते पीठ इकडे सरकवा. आणि त्यांचं एकमत व्हायला लागलं की आधी धावत मला सांगायला या."