टाचण्या लावलेली स्तोत्रं

"देवाचे आभार मान, मगच ऊठ," मारेत्ये ताटावरची नजर न काढता म्हणाली.

"कशाचे? बाबा बुडाले त्याचे?" तिची पंधरा वर्षांची लेक हिल्ये खुर्ची मागे ढकलून जिना चढून गेली. ताटातले बटाटे आणि मासा तसाच पडून राहिला.

आमच्या उर्कमध्ये, हॉलंडमधल्या या कोळ्यांच्या गावात, जेवणानंतर बायबल वाचल्याशिवाय कुणी टेबलावरून उठत नाही. मारेत्येनं तर दंडकच घातला होता, फक्त स्तुतीची स्तोत्रं वाचायची! तिच्या नवऱ्याची, मेइन्डर्टची, बोट समुद्रात बुडाली त्याला सहा आठवडे झाले होते. देहसुद्धा हाती लागला नव्हता. पण शेजारणी म्हणाल्या, "रडू नकोस बाई, देवाला आवडत नाही," आणि हिनं ते खरं मानलं. कुरकुर केली तर देव पोरीलाही नेईल, अशी धास्ती तिच्या काळजात बसली होती. आणि पोर तर डोळ्यांदेखत झिजत चालली होती. चार दिवसांत तिच्या पोटात धड घास नव्हता. काय करावं, मारेत्येला सुचेना.

त्याच दुपारी चर्चचे पंच लुबर्टकाका आले. वर्षातून एकदा पंचांनी घरोघर जाऊन देवाशी कसं चाललंय ते विचारायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. त्या दिवशी अख्खं गाव खोटं बोलतं, हेही सांगून टाकतो.

"छान चाललंय, काका," कॉफी ओतत मारेत्ये म्हणाली.

"असं?" काकांनी बायबल पुढ्यात ओढलं. स्तोत्रांची कितीतरी पानं टाचण्या लावून बंद केलेली! "हे काय गं पोरी?"

"ती रडगाण्याची पानं आहेत, काका. घरात आधीच काय कमी आहे?"

"अगं वेडे! देवाला शहाणपण शिकवतेस? ही स्तोत्रं रचणारी माणसं त्याच्यावर चिडली, ओरडली. त्यानं त्यांना हाकललं नाही, आपल्या पुस्तकात जागा दिली! माझा थोरला समुद्रानं नेला, तेव्हा दोन वर्षं मी हीच पानं वाचत होतो. दुसरं काही गळ्याखाली उतरत नव्हतं."

टाचण्या काढून त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्यानं वाचलं. रात्रंदिवस टाहो फोडणाऱ्या, माझी माणसं तूच दूर केलीस असं देवाला सुनावणाऱ्या माणसाचं ते स्तोत्र. शेवटपर्यंत अंधारच, आभाराचा एक शब्द नाही.

"हे बायबलमध्ये आहे? खरंच?" हिल्ये जिन्यात उभी होती.

"आहे तर! आणि ते कुणी खोडलेलं नाही," काका म्हणाले.

पोरीनं हंबरडा फोडला. मारेत्ये धावली, तिला पोटाशी धरून म्हणाली, "मलाही राग आलाय गं, फार राग आलाय!" मायलेकी पोटभर रडल्या. काका गुपचूप कॉफी पीत राहिले. त्या संध्याकाळी हिल्येनं वाटीभर सूप घेतलं.

मग रोज एक स्तोत्र, ओळीनं, एकही न वगळता. कधी त्यात भीती निघे, कधी संताप, आणि आजचा दिवस कसा काढायचा तेही तिथेच सापडे. आभाराचा आग्रह मारेत्येनं सोडून दिला होता. वसंतातल्या एका दुपारी वाचन संपलं, तेव्हा हिल्येनं आपणहून हात जोडले.

"देवा, बाबा मला पंधरा वर्षं मिळाले. त्याबद्दल आभार."

मारेत्येनं तिचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि "आमेन" म्हटलं.

बंधुभगिनींनो, दुःखी माणसाच्या तोंडावर हात ठेवू नका. त्याला आधी देवाशी भांडू द्या, रडू द्या. मन मोकळं झालं की कृतज्ञता आपल्या पायांनी घरात येते, तिला ओढून आणावं लागत नाही.