जयवंताचे बांध

मानसिंगाची विहीर आटावी, एवढंच जयवंताला हवं होतं. नवरा सावळाराम गेला, वाटणी झाली आणि या धाकट्या दिरानं खालची काळी जमीन अन् विहीर स्वतःकडे ठेवून हिच्या गळ्यात वरचा माळ मारला. आठवड्यातला एक दिवस मोट वहिनीची, असं त्यानं पंचांसमोर कबूल केलं होतं. बावन्नच्या दुष्काळात माळाच्या पायथ्याला तिची वांगी करपायला लागली, तेव्हा तिनं तो दिवस मागितला. मानसिंगानं मोटेचा नाडा, तो जाड दोर, सोडून खांद्यावर टाकला.

"पाणी वर चढत न्हाय, वैनी," म्हणाला आणि हसला.

मी कुशा, तिची शेजारीण, तिथंच घागर घेऊन उभी होते. ते हसणं आठवलं की माझंही डोकं फिरतं, मग तिचं काय होत असेल!

दोन वर्षांनी बांध घालणारे सरकारी साहेब आमच्या अंथुर्ण्यात आले. त्यांनी दुर्बिणीतून माळ बघितला, खुंट्या ठोकल्या. वरच्या चढाला नुसतं गवत राखायचं, तिथं गुरं सोडायची नाहीत. खाली एका पातळीत मातीचे बांध घालायचे, मधल्या पट्ट्यात नांगर आडवा धरायचा. गावानं नाकं मुरडली. कुणाचं शेत तिरकं कापलं जात होतं, कुणाच्या शेळ्यांचं रान जात होतं. जयवंतानं मात्र एकच विचारलं.

"सायेब, माझ्या रानातलं पाणी खाली वाहून जाईल का?"

"थेंबभरही जाणार नाही."

"मग उद्याच काम काढा."

साहेब खूश झाले. त्यांना काय माहीत, मानसिंगाचं रान माळावरून येणाऱ्या लोंढ्यावरच भिजायचं! जयवंता स्वतः माती वाहायची, आणि प्रत्येक टोपली मानसिंगाच्या नावानं आपटायची. राखलेल्या गवतात माझी शेळी शिरली तर तिनं मलासुद्धा शिव्या घातल्या.

पावसाळ्यात पाणी बांधांमागे तुंबलं. खालचा ओघळ कोरडा राहिला आणि मानसिंगाची ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नाही. रोज संध्याकाळी ती बांधावर उभी राहून ती ज्वारी बघायची. मीही जायचे. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. शेवटच्या बांधाखाली तिनं लहानशी विहीर खणली, तिला पाणीही लागलं. पुढच्या वर्षीही पाऊस असाच बांधांमागे मुरला.

त्यानंतरच्या चैत्रात मानसिंगाच्या मोटेची कुरकुर ऐकून मी चमकले. होळीला तळ दिसणारी विहीर ती. जाऊन वाकून बघितलं, तर पायऱ्यांपर्यंत पाणी! बाजूला कोवळा ऊस डुलत होता. मी धावत जाऊन जयवंताला सांगितलं. कसं सांगितलं ते मलाच ठाऊक.

"म्हंजे मी वर अडवलं, ते जमिनीखालनं त्यालाच गेलं?"

मुरलेलं पाणी कुठं जातं, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. तिनं खोरं उचललं आणि तरातरा बांध गाठला.

"अगं, तुजी हीरबी आटंल!" मी मागून ओरडले.

"आटू दे!"

पहिले दोन घाव पडले तोच मानसिंग खालून पळत आला. डोक्याला पटका नाही, पायात वहाण नाही.

"वैनी, हात जोडतो. बांध फुटला तर पाऊस मुरायचा न्हाय, माजी हीर आटंल. ऊस जळंल समदा."

तिचा हात थांबला. त्याच्या तोंडावरची भीती तिनं डोळे भरून बघितली. तिची वांगी करपत होती तेव्हा हाच माणूस हसला होता.

"पावसानं बांध खचत्यात," ती म्हणाली. "दरसाल माती कोण घालणार?"

"गडी पाठवतो."

"गडी नकोत. तुमी. तुमच्या हिरीतला गाळ, तुमच्या डोक्यावरनं."

तिनं पुन्हा खोरं उचललं, तेव्हा त्यानं मान डोलावली.

पाऊस लागायच्या आधी सगळ्या गावादेखत मानसिंग गाळाची टोपली डोक्यावर घेऊन माळ चढू लागला. जयवंता बाभळीखाली तंबाखू मळत बसली होती. अर्ध्या वाटेत त्यानं टोपली खाली ठेवली.

"वैनी, चढ लई हाय."

"पाणी वर चढत न्हाय, भावजी," ती म्हणाली. "माती चढती. उचला."