काकासाहेबांचा चकचकीत काठ

मुलगा शेती करतो म्हटलं की समोरच्या पाहुण्यांचा सूर कसा बदलतो, हे काकासाहेबांना तीन वर्षांत चांगलंच समजलं होतं. धावड्याला त्यांचं ओढ्याकाठी बागायती रान, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी, मिरची बाजारात नाव काढणारी आणि मुलगा राधेश्याम तर सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. पण सोयरीक काही जमेना! "मुलगा काय करतो?" "शेती." "बरं, कळवतो मंग." आणि कळवत कोणीच नाही. तुमच्या-आमच्या गावात अशी घरं थोडीथोडकी नाहीत.

अशात वडीगोद्रीचं स्थळ चालून आलं. अप्पारावांचं तिथं हमरस्त्याला हार्डवेअरचं दुकान. मुलगी अर्पिता डी. फार्म झालेली, एका मेडिकलवर कामाला. शेतकरी मुलगा चालेल असं तिचं स्वतःचंच म्हणणं होतं. "पण पाव्हणे घरासंगट वावरबी बघतेत बरं," मध्यस्थानं बजावलं. "पोळा झाला की येतेत."

झालं! काकासाहेबांच्या डोक्यात किडा शिरला. आपल्याकडे शेतकऱ्याची पारख बांधावरून करायची रीत पडली आहे. बांधावर गवत दिसलं की माणूस आळशी, आणि तणनाशक मारून बांध भाजून काढला की तो कष्टाळू. काकासाहेबांचे बाकीचे बांध त्या मापात बसत होते. पण ओढ्याचा काठ म्हणजे निव्वळ रान माजलेलं. करंज, उंबर, पळस, निर्गुडीची जाळी आणि पार पाण्यापर्यंत उतरलेलं वाळ्याचं गवत. पाहुण्यांच्या नजरेला पहिला तोच पडणार.

"ते झाडं तुमाला खायला मागून राह्यले का?" त्यांच्या पत्नी उषाबाई म्हणाल्या. "विहीर त्याच काठाला हाये. राहू द्या की."

"पाव्हण्याला काय काटेकुटे दाखवू? तुला सून आणायची हाये का न्हाई?"

सून म्हटल्यावर उषाबाईंनी माघार घेतली. राधेश्याम तेवढा बापाला म्हणाला, "अण्णा, काठ ढिल्ला पडंल." पण पोराच्या लग्नाच्या कामात पोराचं कोण ऐकतं?

पावसानं उघडीप दिली होती. जेसीबी आला आणि दिवस मावळायच्या आत काठ बोडका झाला. उरलेल्या बुडख्यांवर तणनाशक फवारलं. जालन्याच्या नर्सरीतून हिरवळीच्या गुंडाळ्या आल्या, कोनोकार्पस नावाच्या परदेशी शोभेच्या झाडाची रोपं आली. शहरातल्या बंगल्यापुढे असतात तशी ती ओळीनं उभी राहिली. काकासाहेबांनी फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि गावानं अंगठ्याची चित्रं पाठवून वाहवा केली.

पहिला अडथळा खांदेमळणीला आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोणी लावून पळसाच्या पानानं शेकायचे असतात. राधेश्याम सवयीनं काठावर गेला. पळस कुठला सापडायला! शेवटी वरच्या अंगाला रखमाजीच्या काठावर जावं लागलं. हा रखमाजी म्हणजे गावातला नावाजलेला आळशी. त्यानं काठाला कधी विळा लावला नव्हता.

"का रं, तुमच्या बागंत पळस न्हाई लावला का?" असं म्हणून त्यानं पानं तोडून दिली, वर चहाही पाजला.

पोळा झाला आणि पावसानं जोर धरला. लागोपाठ दोन दिवस झोडपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब रानात गेले. हिरवळीच्या गुंडाळ्या कोणी सतरंजी ओढून न्यावी तशा गेल्या होत्या. त्यांच्यापाठी माती गेली होती, आणि माती गेल्यावर विहिरीचं ओढ्याकडचं बांधकाम आत ढासळलं होतं. विहिरीत पाणी नव्हतंच, चिखलाचा दाट काला होता. मोटार त्याच्या तळाशी. उभी मिरची आता कशावर जगवायची?

तेवढ्यात फोन वाजला. पाहुणे जालन्यापर्यंत येऊन पोहोचले होते.

"वावर आज दाखवायचंच न्हाई," काकासाहेबांनी घरी येऊन फर्मान काढलं. "चिखल हाये म्हणून सांगू."

पाहुणे आले. अप्पाराव, अर्पिता आणि तिची आत्या दैवशाला. या दैवशालाताई अंबडच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. पोहे झाले, चहा झाला, गोष्टी रंगल्या. अर्पितानं राधेश्यामला मिरचीवरच्या रोगांबद्दल विचारलं आणि एरवी तोंडातून शब्द न काढणारा तो गडी घडाघडा बोलायला लागला. काकासाहेब मनात म्हणाले, जमलं!

आणि नेमक्या त्याच वेळी खालच्या वस्तीवरच्या दुर्गाबाई दारात उभ्या राहिल्या. वस्तीची पिण्याची विहीर याच ओढ्यावर, खालच्या अंगाला. त्यांनी डोक्यावरची कळशी ओसरीवर ठेवली.

"काकासाहेब, हे पाणी लेकरायला पाजायचं का आमी?"

कळशीत चहासारखं पाणी होतं.

"पाऊस पडला, दुर्गाबाई. मी काय करू?"

"पाऊस काय अवंदाच पडला का? दरसाल पडतो. असं पाणी कधी आल्तं का? वास घेऊन बघा, फवाऱ्याचा वास येऊन राह्यला."

अर्पिता उठली, कळशीवर वाकली आणि लगेच मागे झाली. "मावशी, हे बिलकुल पाजू नका कोणाला."

"चला, वढा बघू," दैवशालाताई म्हणाल्या.

"चिखल लई हाये, ताई."

"पाय धुतले की झालं."

आता नाही कसं म्हणायचं? सगळे निघाले. सगळे काठावर पोहोचले. कोनोकार्पसचं एकच रोप उरलं होतं, तेही आडवं, बुडाशी नर्सरीच्या पिशवीचा आकार जसाच्या तसा.

"इथं काय व्हतं पहिलं?" दैवशालाताईंनी विचारलं.

"झाडोरा व्हता. साफ केला."

"आन त्यो वरचा काठ कोणाचा?"

रखमाजीच्या काठावर वाळा पुरानं निजवला होता, निर्गुडी वाकली होती. पण माती जागची हलली नव्हती. तिथली विहीर शाबूत होती.

"पाऊस तर त्यांच्यावरबी तेवढाच पडला," दैवशालाताई शांतपणे म्हणाल्या. "वाळ्याचं मूळ माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातं, काकासाहेब. करंज, उंबर, निर्गुडी हे वढ्याचेच झाडं. पूर आला की वाकतेत, गेला की उठतेत. पाखरं त्याच्यावर, मासोळ्या त्याच्या सावलीत. आन वावरातून जी माती, जे खत, जो फवारा वाहून येतो, तो हे गवत वढ्यात जाऊ देत न्हाई. गाळणी व्हती ती! तुमी गाळणी फेकून चहा वतला, आन पेला मात्र दुर्गाबाईच्या हातात!"

काकासाहेबांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अप्पाराव बिचारे भले गृहस्थ. त्यांनीच सावरून घेतलं. "जाऊ द्या, पुरापुढं कोणाचं चालतं का?" मग राधेश्यामकडे वळून त्यांनी विचारलं, "पण शेती तर तुमीच बघता ना? तुमच्या ध्यानात कसं आलं न्हाई?"

राधेश्यामनं मान खाली घातली. "चुकलं," एवढंच म्हणाला.

काकासाहेब पोराकडे बघत राहिले. एक शब्द बोलला असता तर तो सुटला असता. पण बापाचा मान राखायला त्यानं स्वतःचं लग्न पणाला लावलं होतं! आपण मुकाट्यानं उभं राहिलो तर पाहुणे पुराला नाहीतर पोराला दोष देऊन जातील, आपल्याला कोणीच काही म्हणणार नाही. हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"न्हाई! पोरगा न्हाई म्हणत व्हता!" ते मोठ्यानं म्हणाले. "ह्याची आईबी न्हाई म्हणत व्हती. मीच काढलं. तुमी येणार म्हणून, वावर चकचकीत दिसावं म्हणून काढलं. आमच्याकडं पोरी देत न्हाईत हो कोणी! नाव ठेवायचं तं मला ठेवा, माझ्या पोराला ठेवू नका."

मग ते दुर्गाबाईंकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "तुमचं पाणी मी नासवलं. ते निवळस्तोवर तुमच्या वस्तीला गावातलं पाणी माझ्या गाडीबैलानं येईल."

"गाडी येईल, पण काठाचं काय?" दुर्गाबाई म्हणाल्या. त्या काही एवढ्यावर विरघळणाऱ्या नव्हत्या.

"वाळ्याचे ठोंब ओल हाये तवर लागतेत," राधेश्याम पहिल्यांदा मान वर करून बोलला. "करंजाच्या बिया नंतर टोकू."

"मंग आज का न्हाई?" अर्पिता म्हणाली.

काकासाहेब तडक निघाले आणि ज्याला आयुष्यभर आळशी म्हणत आले त्या रखमाजीच्या दारात वाळ्याचे ठोंब मागायला उभे राहिले. रखमाजीनं टोमणा मारायची संधी सोडली नाही, पण कुदळ घेऊन स्वतःही आला. दुपार कलेपर्यंत वाळ्याची एक वाकडीतिकडी ओळ त्या उघड्या काठावर उभी राहिली. अप्पारावांच्या पांढऱ्या कपड्यांची पार वाट लागली होती. जाताना होकार नाही की नकार नाही; कोणाला विचारायचं भानच उरलं नव्हतं.

सांजेला उषाबाईंचा फोन वाजला. दैवशालाताई होत्या. "पोरीचा व्हकार हाये," त्या म्हणाल्या. "म्हणती, पोरगा तं आवडलाच व्हता. भीती सासऱ्याची वाटत व्हती, ती त्यायनं काठावर चूक कबूल केली तवाच गेली."

काकासाहेब शेजारीच बसून ऐकत होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि उषाबाईंनी ते न पाहिल्यासारखं केलं.

मंडळी, विहिरीतला गाळ काढायला पुढे सगळा हिवाळा गेला आणि त्या साली मिरची गेलीच. चुकीची किंमत चुकत नाही. म्हणून सांगायचं एवढंच, की काठावर गवत दिसलं तर त्या माणसाला आळशी म्हणू नका. आपल्या मातीतली झाडं ओढ्याच्या काठाला राहू द्या, काढली असतील तर पुन्हा लावा. ओढा आपल्या रानात संपत नाही. आपल्याकडून जे पाणी पुढे जातं, ते कोणाच्या तरी लेकराच्या पोटात जातं.