नावानिशी यादी

छापखान्यातल्या मावशी बावीस वर्षं मतदारयाद्या जुळवत होत्या. अक्षराचा एकेक शिशाचा खिळा उचलून त्यांनी आधी फक्त जमीनवाल्यांची नावं लावली, मग कायदा बदलल्यावर सगळ्या पुरुषांची. त्या वर्षी बायकांनाही मताचा हक्क मिळाला. निवडणूक कचेरीतून नव्या यादीचे कागद आले, तेव्हा मावशींनी हातातला चहा तसाच ठेवून ते उघडले.

पहिल्याच पानावर होतं : सुताराची बायको. त्याखाली, शिंप्याची आई. त्याखाली, सुताराची बायको, दुसरी.

"सुतार दुसरा, की बायको दुसरी?" मावशींनी विचारलं. छापखान्याच्या मालकांना हसू आवरेना.

मावशींनी कागद उचलले आणि तडक कचेरी गाठली. कारकून वैतागला.

"बायकांनीच असं सांगितलं. मी काय करू?"

"मग मतदानाच्या दिवशी त्यांना ओळखणार कसं?"

"ओळखणार नाही. नाव नाही तर मत नाही."

"आणि मी नावं आणून दिली तर?"

"शनिवारपर्यंत आणा."

हातात चार दिवस होते. धाकट्या बहिणीला सोबत घेऊन मावशी दारोदार फिरल्या. बायका ओले हात पुसत दारात यायच्या, नाव सांगायच्या आणि सांगताना उगीचच हसायच्या. एकीने तर तीनदा विचारलं, नीट लिहिलंय ना म्हणून.

शिंप्याची आई मात्र अडली. ऐंशीची म्हातारी.

"मला सगळे आईच म्हणतात गं. त्याआधी सूनबाई म्हणायचे. नाव होतं खरं काहीतरी."

कोपऱ्यात तिचा नवरा शर्टाची काजं करत बसला होता. त्याने मान वर न करता तिचं नाव सांगितलं, पार माहेरच्या आडनावासकट.

"तुमच्या बरं लक्षात राहिलं," मावशी म्हणाल्या.

"राहणारच. लग्न ठरल्यावर तीन महिने वहीभर तेच लिहीत होतो."

"मला कधी बोलला नाहीत," म्हातारी म्हणाली आणि लाजून चूर झाली.

शनिवारी कारकुनाच्या टेबलावर दोनशे अकरा नावं पडली. सोमवारी जुळणी सुरू झाली. मावशींचा हात भराभर चालायचा, पण स्वतःच्या नावापाशी आला आणि एक खिळा उलटा लागला. मालकांनी कच्चा छाप तपासताना बरोबर पकडलं.

"बावीस वर्षांतली तुमची पहिली चूक, मावशी."

"सवय नाही हो या नावाची," त्या म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी खिळा सरळ केला.

मतदानाच्या सकाळी शाळेबाहेर बायकांची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली. कुणी ठेवणीतले कपडे घातले होते, कुणी लेकरू कडेवर घेतलं होतं. गप्पांना ऊत आला होता. शिंप्याची आई मत देऊन बाहेर आली, तेव्हा नवरा फाटकाशी उभा होता.

"कुणाला दिलंस?"

"ते गुप्त असतं."

"बरं, घरी गेल्यावर सांग."

"घरीही गुप्तच."

म्हातारा मनापासून हसला. मग तिचा हात धरून, तिला नावाने हाक मारत, तो रस्ता ओलांडू लागला.