फुगवलेली फाईल

ग्लेनने रेकॉर्डिंगांच्या साइटवर टाकलेली फाईल डोरीनने उतरवून घेतली आणि आवाजाचं चित्र काढणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली. व्हायोलिनचा आवाज चित्रात वरच्या अंगाला वेडावाकडा विरत जातो, वाढलेल्या गवताच्या शेंड्यांसारखा. इथे कुणी पट्टी लावून गवत कापलं होतं. सरळ रेघ, आणि वर नुसता काळोख.

म्हणजे रेकॉर्डिंग आधी दाबून एमपीथ्री केलं होतं, त्यात वरचे बारीक सूर कापले गेले, आणि मग फुगवून परत मोठं. वजन मोठ्याचं, जीव लहानाचा. सोबतच्या चिठ्ठीत मात्र बेधडक लिहिलं होतं: ‘मूळ रेकॉर्डिंग, थेट माइकवरून. डोरीन हॉकिन्सन, डलूथ.’

तीस वर्षं ती लहानसहान सभागृहांत खांबाला माइक बांधून उभी राहत आली होती. मैफली अशा टिपून ठेवणारी ही मंडळी रेकॉर्डिंगं फुकट वाटतात, पण चिठ्ठीत खोटं लिहिणं म्हणजे त्यांच्यात दुसऱ्याच्या ताटात थुंकणं. आणि ही तर व्हायोलिनवादक ऑर्वल ट्वाइटची शेवटची मैफल. डोरीनची प्रत एप्रिलमध्ये तळघरात पाणी भरलं तेव्हा डिस्कसकट गेली. राहिली होती ती ग्लेनकडची. ऑर्वलच्या बहिणीला ही मैफल हवी होती, म्हणून डोरीनने ती त्याच्याकडे मागितली होती.

तिने फोन लावला.

“ग्लेन, मूळ फाईल कुठेय?”

“तीच तर टाकलीय. दोनशे जणांनी उतरवलीसुद्धा! सगळे तुझं नाव काढतायत.”

“त्याचीच तर शिसारी येतेय. ही एमपीथ्री फुगवलेली आहे. मला काय गाढव समजतोस?”

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. “अगं, डिस्क भरली होती. नातवाच्या हॉकीचे व्हिडिओ ठेवायचे होते. ट्रकमध्ये ऐकायला छोटी केलीच होती, म्हणून मोठी उडवली.”

“उडवलीस.”

“तू मागितलीस तर नाही कसं म्हणू? आणि साइट छोटी घेत नाही, म्हणून परत मोठी केली. ऐकू येतो का कुणाला फरक? तुला तरी येतो का, या वयात?”

येत नव्हता. कानाच्या डॉक्टरने ते गेल्याच वर्षी सांगितलं होतं.

“मला चव लागत नाही म्हणून लोकांना उष्टं वाढू?”

“किती ते सोवळं, डोरीन!”

बनावट म्हणून तक्रार केली की साइटवाले दिवसभरात फाईल काढतात. पण मग ऑर्वल कुठेच उरला नसता.

“ट्रकमधली छोटी आहे ना? तशीच पाठव. हात लावू नकोस तिला. आणि साइटवरची आत्ता काढ. का काढली, तेही लिही. तुझ्या हाताने.”

“तीस वर्षांची दोस्ती आपली.”

“म्हणून तर तक्रार करत नाहीये, बाबा.”

तासाभराने फाईल आली. डोरीनने हेडफोन चढवले. ऑर्वल वॉल्ट्झच्या दोन धुनांच्या मध्ये धापा टाकत होता, खुर्ची करकरत होती. कान सांगत होते, सगळं ठीक आहे. तिने कानांवर विश्वास ठेवला नाही.

नाक मुरडत तिने चिठ्ठी लिहिली: ‘एमपीथ्री. मूळ उरलेलं नाही. एक प्रत पाण्यात गेली, दुसरी ग्लेनने पुसली. तिसरी काढून ठेवली नाही, ही चूक माझी. याहून मोठी फाईल कुणी दिली तर ती खोटी.’

खाली स्वतःचं नाव घातलं. एमपीथ्रीखाली, आयुष्यात पहिल्यांदाच. मग फाईल चिठ्ठीसकट ऑर्वलच्या बहिणीला पाठवून दिली.