मना ठाव नाय

बुद्धी सर्व मानवजातीला सारखीच वाटून दिलेली आहे. ती मोजण्याची फूटपट्टी मात्र ज्याच्या त्याच्या मातीतली हवी. हे थोर वाक्य डोंबिवलीच्या एका शाळेत समुपदेशन कक्षाच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लावलेलं होतं. त्याच्याच खाली बाण काढून 'मुलींचे स्वच्छतागृह' असं लिहिलेलं असल्यामुळे वाक्यापेक्षा बाणाचे वाचक जास्त होते.

कक्षात योगिनी मॅडम बसत. ठाण्याच्या वर्तकनगरहून रोज यायच्या. हुशार होत्या, त्यामुळे सदा काळजीत असत. यंदा शाळेने बुद्धिमापनाची नवी चाचणी आणली होती. जुन्या चाचणीत बर्फावरची घसरगाडी, पियानो आणि धुराडं असायचं. आपली पोरं त्यात आपटायची. नव्या चाचणीत भातखाचर, मिठागर, चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे, आणि बैलगाडी होती. "आता आपल्याकडे कुणी मंद निघणार नाही," असं मुख्याध्यापक विनीत सरांनी जाहीर केलं, आणि पहिल्याच दिवशी दुसरीतली जागृती निघाली.

"बाळा, या चित्रात चिंबोऱ्या किती आहेत?"

"मना ठाव नाय."

"बरं, या बैलगाडीला काय काढायचं राहिलंय?"

"मना ठाव नाय. आजाला इचारा."

"असू दे. तुझं नाव तरी सांग."

जागृतीने मॅडमच्या हातातल्या पेनाकडे टक लावून पाहिलं. "आयेला इचारा."

ठोकळ्यांना तर तिने हातही लावला नाही. बुद्ध्यांक जो आला, तो समोरच्या खुर्चीची चाचणी घेतली असती तरी आला असता. पण मॅडमनी पेन मिटून ठेवलं, आणि उठता उठता पोरीने सगळे ठोकळे झाकणावरच्या नक्षीबरहुकूम डब्यात लावून टाकले. योगिनी मॅडमना त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी जागृतीच्या आईला बोलावणं गेलं. रुपालीचं माहेर मोहने गावचं, सासर शीळफाट्याजवळच्या गावातलं. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"आमची शाळा सगळ्यांना सामावून घेते," विनीत सर म्हणाले. "म्हणूनच सांगतो, ठाण्याला एक विशेष शाळा आहे."

रुपाली खुर्चीवरून उठलीच. "सर, घरी ती लई बोलते हो."

"घरी सगळेच बोलतात."

"नियमात घरभेट आहे, सर," योगिनी मॅडम मधे पडल्या. "ती झाल्याशिवाय शेरा देता येत नाही."

"मग सोमवारच्या आत उरका."

रुपालीने घरी कुणाला सांगितलं नाही. रात्री भाकरी थापता थापता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "जागृती, सात नि पाच किती गो?"

"बारा. का गो आये?"

रुपालीला हायसं वाटायला हवं होतं, पण तिला आणखीच धडकी भरली. पोर खरंच हुशार आहे, की घरातले सगळेच मंद म्हणून त्यांच्यात ती हुशार दिसते?

शनिवारी दुपारी योगिनी मॅडम फाइल, पेन आणि ठोकळ्यांचा डबा घेऊन रिक्षाने आल्या; परतीसाठी रिक्षा थांबवून ठेवली. तीन मजली गुलाबी बंगला, दारात दोन गाड्या, शेजारी शर्यतीच्या बैलाचा गोठा आणि त्यात बैलाला पंखा. जागृतीचे आजोबा, काळुराम, झोपाळ्यावर बसले होते, जागृती गोठ्यापाशी खेळत होती.

"नमस्कार. जागृतीचे आजोबा ना तुम्ही?"

काळुरामांनी आधी फाइल पाहिली. मग पेन पाहिलं. "मना ठाव नाय."

"घरात कोण कोण असतं?"

"मना ठाव नाय. म्हातारीला इचारा."

"मना आयकूच येत नाय," आजी, ठमाबाई, आतूनच पटकन म्हणाल्या. जागृतीचे वडील, दिपेश, बाहेर आले, पेन बघून आल्या पावली आत गेले.

मॅडमसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आलेली रुपाली उंबऱ्यातच थबकली. आता मॅडम अख्ख्या घराची शाळा बदलणार.

योगिनी मॅडमनी मात्र पेनाकडे पाहिलं, मग काळुरामांकडे. तीच नजर, तेच वाक्य. त्यांनी रुपालीला बाजूला घेतलं. "हे सगळे पेनाला घाबरतात का हो?"

आणि रुपालीच्या डोक्यात उजेड पडला. घरात तेच वाक्य रोज ऐकायची सवय असल्यामुळे तिला ते सुचलंच नव्हतं. दिपेश लहान असताना एक गोड बोलणारा गृहस्थ गावात आला होता, कागद-पेन घेऊन. एका लिमलेटच्या गोळीच्या बदल्यात दिपेशने त्याला शेताचा बांध कुठून कुठवर तो बोटाने दाखवला. त्याने ते लिहून घेतलं, आणि त्या बांधावरच्या आंब्याच्या खटल्याची तारीख कोर्टात अजून पडते. तेव्हापासून घराचा कायदा एकच: पेनवाल्याला काही सांगायचं नाही.

मॅडमनी पेन पर्समध्ये टाकलं.

"पर्समदी नको," काळुराम म्हणाले. "रिक्षात ठेवून या."

मॅडम रिक्षात ठेवून आल्या. तरी काळुराम झोका घेतच राहिले. तेव्हा रुपाली सासऱ्यासमोर प्रथमच मोठ्याने बोलली, "बाबा, पोर बोलली नाय तर तिला शालेतून काढतील!"

झोपाळा थांबला. काळुरामांनी बैलाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. "बोल गो. बाई इचारतील ते सगलं सांग."

"चिंबोऱ्या सात," मॅडमनी फाइलमधली चित्रं उघडताच जागृती श्वास न घेता सुटली. "येकीची नांगी तुटलेली. नि बैलगारीला जू नाय. बैल जुपायचा कसा? नि तो बैल आपल्या बैलावानी पलनार नाय, पोट बघा त्याचं."

ठोकळ्यांची नक्षी तिने मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आत लावली. रुपालीने पदराने तोंड दाबलं.

"शाब्बास! आता शेवटचा प्रश्न. घरात माणसं किती?"

"अकरा. पन रेशनकार्डावर चवदा. तिगं मेलेली हायेत."

ठमाबाईंना एकदम ऐकू आलं. "गप गो!"

"तूच बोल्लीस ना आजी, मेली तरी आपलीच? नि मॅडम, बाबानी वरचा मजला..."

"जागृती!" आतून दिपेश ओरडले.

"सगलं सांग, असं आजा बोल्ला!"

"पुरे, पुरे," योगिनी मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "ही कुठेही जात नाही. सोमवारी नेहमीच्या वर्गात पाठवा. सरांना मी बघते."

रुपाली पायरीवरच बसली. तिने डोळे पुसले, मग तांब्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

काळुराम मात्र झोपाळ्यावरून उठून मॅडमच्या मागोमाग रिक्षापर्यंत आले. चेहरा पडलेला.

"बाई, लिवलं नाय ना काय?"

"नाही हो आजोबा. पेनच नव्हतं. सगळं लक्षात ठेवलंय."

काळुरामांनी मान खाजवली.

"मंग येक काम करा. ते रेशनकार्डाचं तेवरं इसरा."